जेएसएस रोड म्हणजे कोण? नाना शंकरशेट आणि त्यांची पेढी

ठाकुरद्वारकर

परवा भाचीबरोबर कॅबनं घरी येत होतो. ड्रायव्हर नवा होता. स्क्रीनकडे बघत त्यानं विचारलं, "सर, ये जेएसएस क्या है? कोई कॉलेज है?" भाची जन्मापासून गिरगावात. तिनं आत्मविश्वासानं सांगितलं, "नहीं भैया, किसी ट्रस्ट का नाम है." मी कपाळाला हात लावला आणि घरी आल्यावर हा धागा काढायला बसलो.

जेएसएस म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. आपला जुना गिरगाव रोड. ग्रँट रोडच्या नाना चौकातले नाना तेच. मुंबईत ज्याच्या नावावरून रोज लाखभर माणसं जातात पण ज्याचा चेहरा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, असा हा गृहस्थ.

थोडक्यात कुळकथा. घराणं दैवज्ञांचं, आडनाव मुरकुटे, मूळ गाव ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड. पूर्वज गनबाशेट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत आले. फोर्टातली गनबो स्ट्रीट ही त्यांच्याच नावावरून पडली. साहेबाच्या जिभेवर 'गनबा'चा 'गनबो' झाला. म्हणजे नाव अपभ्रष्ट होऊन रस्त्याला चिकटणं ही या घराण्याची परंपराच म्हणायची! नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडील शंकरशेट १८२२ मध्ये गेले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळी पेढी, व्यापार, मालमत्ता या मुलाच्या गळ्यात पडली.

एकोणिसाव्या वर्षी इतका पैसा हातात आल्यावर माणसाचं काय काय होऊ शकतं ते आपण आजूबाजूला बघतोच. नानांनी धंदा वाढवला. अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड नानांकडे ठेवत. बँकेपेक्षा शेटजींच्या शब्दावर त्यांचा भरवसा जास्त.

मग सार्वजनिक कामं सुरू झाली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात १८२२ मध्ये मराठी-गुजराती पुस्तकं तयार करण्यासाठी आणि शाळा काढण्यासाठी जी संस्था उभी राहिली, तिची पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. तिच्यात नाना. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत निघाला तेव्हा त्याच्या नावानं दोन लाखांहून जास्त वर्गणी जमली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टनचं कॉलेज झालं, त्यातही नाना. १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८४५ नंतर रेल्वे, १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंच्या यादीत, १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात. ३१ जुलै १८६५ ला गेले.

ही यादी कुठल्याही पुस्तिकेत मिळेल. मला वेगळंच कुतूहल आहे. त्या काळात मुंबईत दानशूर शेटिये पुष्कळ होते. जमशेटजी जीजीभाईंनी एकट्या जे. जे. हॉस्पिटलसाठी लाख रुपये दिले. तेव्हा आकड्यांच्या शर्यतीत नाना पहिले येतील असं मला वाटत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट खर्च केली, ती म्हणजे स्वतःचा वेळ. चाळीस वर्षं हा माणूस समित्यांच्या बैठकांना जाऊन बसला. नुसता बसला नाही, भांडला. पैसे देऊन नाव दगडावर कोरून घेणं सोपं. दुपारची पेढी सोडून अभ्यासक्रमावर वाद घालायला जाणं अवघड.

जाणकारांनी भर घालावी.

---

रूळांतर

मस्त धागा. पण रेल्वेचा विषय निघालाच आहे तर आधी एक जळमट काढतो, कारण दर १६ एप्रिलला तो फॉरवर्ड येतोच: "नानांनी भारतात रेल्वे आणली."

एकट्यानं कुणीच आणली नाही. लंडनच्या भांडवलाला कापूस बंदरापर्यंत पोचवायचा होता, त्यासाठी ती आली. १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी झाली आणि भागधारकांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली. धंदा तोट्यात गेला तरी व्याज पक्कं, आणि भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. साहेबाचा जोखीमशून्य शेअरबाजार!

तरी नानांचं श्रेय खरं आहे. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वेसाठी खटपट सुरू झाली तेव्हा ते आणि जमशेटजी पुढे होते, आणि दोघंही कंपनीच्या कारभारात आले. मुंबईचा व्यापारी समाज याच्या मागे आहे हे लंडनला दाखवायला ही दोन नावं लागत होती. लोखंडी रस्ता म्हणजे भुताटकी, असं म्हणणाऱ्या गावाला तेच सांगायलाही हीच नावं लागत होती. शेटजी स्वतः डब्यात बसले म्हटल्यावर निम्मी भीती गेली.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि गाडी हलली. पाहुण्यांत नाना होते.

'भारतातली पहिली रेल्वे' असं लिहिणाऱ्यांनी 'पहिली प्रवासी रेल्वे' असं लिहावं. दगडमातीच्या गाड्या मद्रासकडे आणि रुरकीला आधी धावल्या होत्या. हे माझं नेहमीचं रडगाणं, माफ करा.

---

खवचट खंडू

सगळं छान. पण शेवटी सावकारच ना? व्याजाचा पैसा, साहेबाच्या मांडीला मांडी, वर पुतळा. आज जे उद्योगपती करतात तेच त्यांनी केलं. आरती कशाला ओवाळायची?

---

कसर

खंडूशेट, सावकार आणि सराफी पेढी यांत फरक आहे. पिंपळगावचा सावकार शेत गहाण घेतो. पेढीचा मुख्य धंदा हुंडीचा, म्हणजे इथे पैसे घेऊन दुसऱ्या गावी ते द्यायची लेखी चिठ्ठी.

माझे आजोबा घाटावरच्या एका पेढीवर मुनीम होते. त्यांनी जपलेली एक जुनी हुंडी आमच्याकडे फ्रेम करून भिंतीवर आहे. मोडीत आहे. लहानपणी त्यांनी ती मला बोट ठेवून वाचून दाखवली होती. रक्कम अशी लिहिलेली: रुपये पाचशे, निमे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे पाचशे. मी विचारलं, "आजोबा, एकच रक्कम तीनदा का?" म्हणाले, "आकड्यात शून्य वाढवता येतं रे, निमे कसं वाढवशील?" आजच्या चेकवर अक्षरी रक्कम लिहितो त्याचाच हा आजा.

हुंडीचे प्रकार बघा म्हणजे पेढीचं डोकं कळेल. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पटवायची. मुदतीची ठरल्या दिवसांनी. शाहजोग हुंडी असेल तर पैसे फक्त पत असलेल्या 'शहा'लाच द्यायचे, म्हणजे वाटेत कुणी कागद चोरला तरी त्याच्या हातात दमडी पडणार नाही. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, म्हणजे हुंडीच्या पोटात विमा. मूळ हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. आणि पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला म्हणायचं खोका. (आजच्या खोक्यांशी संबंध जोडू नये.)

आता मुद्दा. हुंडी लिहिणारा मुंबईत, पटवणारा कुठे सुरतेला नाहीतर इंदूरला. मध्ये ना तार, ना फोन. तिथला माणूस हुंडी सकारतो (स्वीकारतो) ती कागदाकडे बघून नाही, नावाकडे बघून. एकदा जरी तुमची हुंडी नकारली गेली तरी बाजारात दुपारपर्यंत बोभाटा आणि संध्याकाळी ठेवीदार दारात. म्हणून पेढीवाल्याचं खरं भांडवल पत. रोकड दुय्यम.

अफगाण घोडेवाला किंवा अरबी मोतीवाला नानांकडे रोकड ठेवून परत जहाजावर चढत असे, तो या पतीच्या जोरावर. आणि धागाकर्ते जे वेळेबद्दल म्हणतात त्याला मी पुस्ती जोडेन. नानांनी सार्वजनिक कामात पत वापरली. त्यांची सही असलेली वर्गणीची यादी म्हणजे सकारलेली हुंडी. बाकीचे शेटिये मग मुकाट्यानं आकडा घालत.

---

पैठणी_नको

कसरकाका, हुंडीवर स्वतंत्र धागा काढाच. वाचनखूण साठवली आहे.

खंडू, साहेबाच्या मांडीला मांडी म्हणताय, पण १८५७ मध्ये याच नानांवर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय सरकारला आला होता. चौकशी झाली, काही निघालं नाही. इतकी वर्षं सरकारी समित्यांवर बसलेल्या माणसाचीही एका रात्रीत ही गत होऊ शकत होती.

आणि सोनापूर विसरू नका. मरीन लाइन्सजवळची ती स्मशानभूमी उचलून शिवडीला न्यायचा घाट सरकारनं घातला होता. गिरगाव-भुलेश्वरच्या माणसानं प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जायचं! नाना उभे राहिले आणि बेत बारगळला. पुतळ्याखाली कुणी हे कोरत नाही, पण माझ्या सासरची चार माणसं त्याच सोनापुरात गेली. मला रेल्वेपेक्षा हे जास्त भिडतं.

मुलींच्या शाळेचा उल्लेख मूळ लेखात राहिला. पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई-जोतीरावांनी शाळा काढली. लगेच १८४९ मध्ये मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. ही सगळी एल्फिन्स्टनची विशी-पंचविशीतली पोरं, खिशात पैसा नाही आणि गावात शिव्या. त्यांना शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली.

---

खवचट खंडू

जागा दिली यात काय मोठं? वाडा काय छोटा होता?

---

पैठणी_नको

अहो, १८४९ मधल्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मुलगी शाळेत घातली म्हणून शेजारीपाजारी तोंड वाकडं करतायत, घरात आई रुसली आहे. तुम्ही काय सांगणार? "पोरांनी काढलेल्या शाळेत जाते" हे सांगणं वेगळं आणि "शेटजींच्या वाड्यात जाते" हे सांगणं वेगळं. नाना स्वतः देवधर्म पाळणारे, घराण्याचं भवानीशंकराचं देऊळ आजही नाना चौकाजवळ आहे. अशा घरात मुली शिकायला जातात म्हटल्यावर सनातन्यांची जीभ आखडते. भाड्याच्या खोलीला हे जमलं नसतं. कसरकाकांच्या भाषेत, इथेही पतच वापरली.

---

लृट्_लकार

मी इथे सहसा फक्त वाचते, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

दहावीला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. आमच्या पिढीत ज्यांनी पूर्ण संस्कृत घेतलं होतं त्यांना हे पाच शब्द ऐकून आजही पोटात गोळा येईल. शाळेत फळ्यावर नावं असायची, "शंकरशेट: अमुक साली अमुक." आमच्या बाई रूपं चालवताना चुकलं की म्हणायच्या, "अशानं शंकरशेट मिळतंय होय!" मला वाटायचं शंकरशेट म्हणजे कुणी जुने वैयाकरणी पंडित असणार, पाणिनी, पतंजली, शंकरशेट! सराफी पेढीचे मालक हे मला पंचविशीत कळलं.

(नाही, मला मिळाली नाही. दोन गुणांनी गेली. विषय संपला.)

पण या शिष्यवृत्तीची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट अशी. १९१२ च्या मॅट्रिकला रोह्याकडचा एक मुलगा पहिला आला आणि संस्कृतची पहिली शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानंच पटकावली. तो मुलगा म्हणजे चिंतामणराव देशमुख. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. शिवाय त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला. पेढीवाल्याच्या नावाचा संस्कृतचा पैसा जाऊन पडला तो देशाच्या तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्याच्या हातात. कसरकाका, ही मुदतीची हुंडी म्हणायची का?

---

कसर

मुदतीची आणि शाहजोगसुद्धा. 😄

---

तिसरी घंटा

नाटकवाल्यांच्या वतीनं हजेरी.

१८४६ मध्ये ग्रँट रोडला जे थिएटर उभं राहिलं ते नानांच्या जागेवर. फोर्टातलं जुनं थिएटर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ग्रँट रोड म्हणजे तेव्हा गावाबाहेर. साहेब लोकांना रात्री तिथवर बग्गी हाकत जायचा कंटाळा. त्यामुळे इंग्रजी नाटकांसाठी बांधलेल्या त्या थिएटरात हळूहळू आपली माणसं शिरली. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी याच थिएटरात तिकीट लावून खेळ केले. पारशी नाटकमंडळीही त्याच वर्षी तिथेच उभी राहिली.

एका वर्षात, एका शेटजींच्या जमिनीवर, मराठी आणि पारशी रंगभूमी दोघींनी मुंबईच्या प्रेक्षकाकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. १८५३ मध्येच रेल्वे. नानांना त्या वर्षी झोप मिळाली असेल का हा प्रश्नच आहे.

---

ठाकुरद्वारकर

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या लेखापेक्षा चांगला झाला आहे.

मी "भांडला" असं लिहिलं होतं, त्याचा खुलासा करायचा राहिला. मला नानांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, आणि तिचा पुतळ्याशी, रेल्वेशी काही संबंध नाही.

१८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन झालं. त्यावर तीन हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, सभासद: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा. १८४३ पासून अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, पुढे सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. पेरीसाहेबांचं म्हणणं असं की पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या वर्गाला इंग्रजीतून शिकवण्यावर घालावा. ज्ञान मग तिथून खाली झिरपेल.

१८४७ च्या सुमारास यावर बोर्डात उघड जुंपली. तिन्ही हिंदी सभासद एका बाजूला. त्यांच्याबरोबर एक इंग्रज होता, कर्नल जर्व्हिस, ज्यानं गणिताची पुस्तकं मराठीत आणण्यात उमेद खर्च केली होती. समोर पेरी आणि बाकीचे साहेब. नानांनी आपलं मत लेखी नोंदवलं. त्याचा आशय असा: पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान पोचवायचं असेल तर त्यांची भाषा इंग्रजीपेक्षा सरस साधन आहे.

आता हे कोण म्हणतंय बघा. इंग्रजीचा सगळ्यात जास्त फायदा ज्याला होता तो माणूस. ज्याची ऊठबस गव्हर्नराकडे, ज्यानं एल्फिन्स्टनचं कॉलेज उभं करायला पैसा गोळा केला. त्याला इंग्रजी नको नव्हती. कॉलेजात इंग्रजी असावीच, पण गावच्या शाळेत बसलेल्या पोराला भूगोल कळावा तो मराठीत, इतका साधा हिशेब. पेरीचं 'झिरपणं' एका सराफाला पटलं नसावं असा माझा अंदाज. वरच्या खात्यात जमा केलेली रक्कम आपोआप खालच्या खात्यात उतरत नाही, हे पेढीवर वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

सरकारनं दोन्ही बाजूंना थोडं थोडं देणारा गुळमुळीत निर्णय दिला. १८५४ मध्ये लंडनहून आलेल्या शिक्षणविषयक वुडच्या खलित्यानं वर इंग्रजी, खाली देशी भाषा अशी वाटणी केली आणि ती पुढे बराच काळ चालली. मुलाला कुठल्या माध्यमात घालायचं यावर या फोरमवर दर जूनमध्ये जे महायुद्ध होतं त्याची पहिली फेरी ही अशी पावणेदोनशे वर्षांपूर्वी टाउन हॉलच्या परिसरात झाली आहे.

यातला मला आवडणारा भाग शेवटचा. पेरीसाहेब १८५२ मध्ये विलायतेला परत निघाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ वर्गणी काढायला पुढाकार नानांचाच. त्या पैशांतून कायद्याच्या प्राध्यापकाची जागा झाली आणि १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. पाच वर्षं ज्याच्याशी भाषेवरून वाजलं त्याच्याच नावानं वर्गणी गोळा करायची आणि तीही मुंबईच्या पोरांच्या उपयोगी पाडायची. याला मुरब्बीपणा म्हणायचं की व्यापारीपणा, ज्यानं त्यानं ठरवावं.

---

खवचट खंडू

बरं, ही भाषेची गोष्ट मला माहीत नव्हती. एक पायरी उतरतो. पण बॉम्बे असोसिएशन म्हणजे श्रीमंतांचा क्लबच होता हे तरी कबूल करा.

---

रूळांतर

होताच. २६ ऑगस्ट १८५२ ला स्थापना, जमशेटजी मानद अध्यक्ष, नाना अध्यक्ष. सामान्य माणूस त्यात कुठेच नव्हता. पण ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ मध्ये नव्यानं मंजूर व्हायची होती, त्याच्या तोंडावर यांनी पार्लमेंटला अर्ज धाडला: कारभार महाग आहे, हिंदी माणसाला वरच्या जागा मिळत नाहीत, कायदेमंडळात आमचं कुणी नाही. काँग्रेसच्या तेहतीस वर्षं आधी. क्लबनं का होईना, मागणी कागदावर आणली. कामाचा गाडा ओढला तो भाऊ दाजी लाडांनी.

भाऊ दाजींवरून आठवलं, राणीच्या बागेतल्या म्युझियमच्या समितीतही ही दोघं होती, जॉर्ज बर्डवूडबरोबर. बाग १८६२ ला उघडली, म्युझियम १८७२ ला. ते बघायला नाना नव्हते.

---

कसर

शेवटचं एक टाकतो, मग मी थांबतो. तारखा जरा बाजूबाजूला ठेवून बघा.

अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावात पैशाचा पूर लोटला आणि त्या पैशाला जायला जागा नव्हती, म्हणून रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र भरून काढायची नवी योजना. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या सगळ्याचा राजा प्रेमचंद रायचंद, वय तिशीच्या थोडं पुढे. त्यानं चिठ्ठी दिली की बँक कर्ज देई.

एप्रिल १८६५ मध्ये यादवी संपली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशी कुणीच कुणाची देणी देऊ शकलं नाही. अर्धी मुंबई दिवाळखोर. बँक ऑफ बॉम्बेही पुढे त्यातच गुंडाळली गेली.

आणि बरोबर तीस दिवसांनी, ३१ जुलैला, नाना गेले.

मी यातून काही सूचित करत नाही. आजारपण वेगळं, बाजार वेगळा. पण ज्या मुंबईत एका नावावर अरबी व्यापारी रोकड सोडून जात होता, ती मुंबई त्याच महिन्यात संपली. प्रेमचंदही काही लहान माणूस नव्हता. तेजीतच त्यानं विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावानं मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. दोघांचीही दानत मोठी. पण एकाचा मनोरा दोन मैलांवरून दिसतो आणि दुसऱ्याचं नाव शोधायला कॅबच्या ॲपमध्ये तीन अक्षरं फोडावी लागतात.

---

लृट्_लकार

हल्ली नावं देण्याचं बरंच चाललंय की. मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यायला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली. मेट्रो ३ वर मुंबई सेंट्रलजवळचं स्थानक तर त्यांच्या नावाचं आहेच.

---

तिसरी घंटा

दोन वर्षांत त्याचंही जेएसएस होणार. लिहून ठेवा.

---

ठाकुरद्वारकर

आजचा ताजा अहवाल. भाचीला हा अख्खा धागा वाचायला लावला. तिला हुंडीचं 'निमे' सगळ्यात आवडलं, रेल्वे नाही. (रूळांतर, सॉरी.) संध्याकाळी परत कॅब बोलवायची होती. ती म्हणाली, "मामा, आज पूर्ण नाव टाकते." टाइप केलं, जगन्नाथ शंकरशेट मार्ग. ॲपनं दोन सेकंद विचार केला आणि विचारलं, आपल्याला जे. एस. एस. रोड म्हणायचं आहे का?

---

खवचट खंडू

हुंडी नकारली म्हणायची.